जिभेखालचा देवदार

हातेरुमा बेट
१७ जानेवारी

ताई,

म्हणजे मी आळशीच, असं ठरलं तर! अगं, जे वाक्य ऐकून मी घर सोडलं तेच तू पुन्हा कागदावर उतरवून, वर तिकीट चिकटवून, समुद्रापार पाठवतेस? "गेन्ताचं नाक कामाच्या दिवशी वाहतं, मोचीच्या दिवशी कोरडं." डोंगरदेवाच्या सणाला अख्ख्या वाडीसमोर बाबा हे बोलले आणि सगळे खो खो हसले. लाकडाचा व्यापारीसुद्धा हसला, ज्याचं माझ्या नाकाशी काही देणंघेणं नाही. आणि तू लिहितेस, "बाबा अजून तेच म्हणतात." म्हणू देत की! मला कशाला कळवतेस?

जरा विचार कर. भात कुटून केलेली ती मोची आपण कधी खातो? नवीन वर्षाला. तेव्हा देवदाराचे पराग हवेत असतात का? नसतात. ते उडायला लागतात फेब्रुवारीच्या मध्याला, आणि नेमकं तेव्हाच बाबा मला फांद्या छाटायला झाडावर चढवायचे. वर पोचलं की फांदीला हात लावायचा अवकाश, पिवळा धूर. डोळे सुजायचे, शिंकांवर शिंका, एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात दोर. एकदा तर दोर सुटता सुटता राहिला. आणि खालून बाबांचा आवाज, "शिंकायचं असेल तर खाली येऊन शिंक, फांदीवर पगार नाही मिळत!" त्यांचं औषध एकच, आणखी एक झाड. म्हणे सवय होईल. म्हणे हा शहरातल्या पोरांचा रोग, योशिनोच्या देवदारात जन्मलेल्याला तो होईलच कसा?

इथे देवदाराचं एकही झाड नाही. ऊस आहे, वारा आहे, बोकडाचं कालवण आहे. आमची टोळी सकाळी शेतात उतरते. म्हातारे लोक उभा ऊस पाडतात, आम्ही पाचट काढतो, मोळ्या बांधतो. दहा वाजता चहा आणि काळ्या गुळाचे खडे. शेताचे मालक ओदोमारीकाका म्हणतात, "डोंगरातला पोरगा असून पाय जमिनीवर बरे टिकतात तुझे." मार्चमध्ये माणसाला नाकाने श्वास घेता येतो, हे मला गेल्या वर्षी इथे कळलं. शपथ.

पण मला घरी यायचंय, ताई. आळशी म्हणून नाही यायचं. बाबांनी एकदा म्हणावं की पोरगं खोटं बोलत नव्हतं. तेवढं म्हणाले की मी पहिल्या बोटीने निघतो. नाही म्हणाले तर इथेच ऊस तोडत म्हातारा होईन, आणि दोष तुझा.

गेन्ता


योशिनो
२५ जानेवारी

गेन्ता,

दोष माझा? बरं, माझा. मी आहेच घरात उरलेली, ज्याला जे टाकायचं ते माझ्यावर टाका.

फोन करणार होते. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. दोराचं आणि "पगार नाही मिळत"चं गाळलं. मोचीचा हिशोब मात्र मुद्दाम दोनदा वाचला. त्यांनी चहात शिजवलेल्या पेजेचा वाडगा खाली ठेवला, विचार केला, आणि म्हणाले, "वकील झाला असता. शाळा सोडली नसती तर."

आता कामाचं ऐक. मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात खिडकीशी बसते. फेब्रुवारी लागला की दारापर्यंत रांग असते, आणि त्या रांगेत करवती चालवणारे, सुतार, आपल्याच खोऱ्यातले लाकूडतोडे असतात. मास्क लावून, टोपी डोळ्यांवर ओढून येतात, ओळखीचं कोणी दिसलं तर "कान दुखतो" म्हणतात. मी कोणाची नावं सांगणार नाही. पण तू एकटा नाहीस, एवढं समज.

आमच्या मिझोबे डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त तपासलं की लख्ख कळतं. शून्यापासून सहापर्यंत मोजतात. तू बोटीने इशिगाकी बेटावर जा आणि तपासून घे. कागद आण. बाबांचा माणसांवर विश्वास नाही, पण शिक्का मारलेल्या कागदापुढे ते गप्प होतात, हे तुला माहीत आहे.

चिनात्सु

ता.क. गळ्याला काही गुंडाळतोस ना? तुझ्या त्या बेटावर वारा फार, असं बातम्यांत दाखवतात.


हातेरुमा बेट
५ फेब्रुवारी

ताई,

जाऊन आलो. येताना बोट इतकी उडत होती की शेजारची आजी माझ्या मांडीवर ओकली आणि वर मलाच म्हणाली, "सांभाळून बस रे बाळा." कागद सोबत जोडलाय. देवदार: सहापैकी चार. आयुष्यात पहिल्यांदा निम्म्याच्या वर मार्क पडले, चौकटीत लावायला हरकत नाही.

तिथली नर्स फार बोलकी निघाली. मी म्हटलं, मला शाळेसारखं सांगू नका, मी शाळेतच टिकलो नाही. तर ती म्हणाली, "मग तुझ्या गावातलं काहीतरी सांग, त्यावरून सांगते." मी तिला आपल्या वाडीच्या अग्निशमन दलाचं सांगितलं. आता पुढचं बाबांसाठी आहे. ते इतकी वर्षं दलाचे प्रमुख होते, त्यांना मधलं काही समजावायला लागणार नाही. वाचताना त्यांना उठू देऊ नकोस.

बाबा, नाकाच्या आतल्या अस्तरात शरीराने जागोजागी चौक्या ठेवल्यात, आपल्या वाडीच्या बंबाच्या शेडसारख्या. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. प्रत्येक शेडमध्ये पोतीच्या पोती भरलेली असतात आणि पोत्यांत असतं हिस्टामिन. त्याला पाणी समजू नका, ती घंटा समजा. धोक्याची घंटा.

आता होतं काय, कधीतरी एका वसंतात शरीराचे पहारेकरी देवदाराचा पराग बघतात आणि ठरवतात की हा शत्रू. का ठरवतात ते डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. मग दुसऱ्या पेशी फक्त त्या परागाला अडकवायचे आकडे घडवतात, आणि ते आकडे जाऊन शेडच्या दारांवर लटकून राहतात. त्या वर्षी काहीच होत नाही. म्हणूनच मी लहानपणी झाडावर माकडासारखा चढायचो आणि एक शिंक यायची नाही. तुम्ही तेच धरून बसलात की तेव्हा नव्हतं तर आता कुठून आलं. आकडे जमत होते, बाबा. मला तरी कुठे माहीत होतं?

मग पुढच्या कुठल्यातरी वर्षी पराग येतो आणि दोन आकड्यांत एकदम अडकतो. दार फुटतं. घंटा चहूकडे! नसांना ऐकू गेली की शिंका आणि खाज. ग्रंथींना ऐकू गेली की नळ सोडल्यासारखं पाणी. रक्तवाहिन्यांना ऐकू गेली की त्या सैल होऊन पाझरतात, आणि आतून सूज येऊन नाक बंद. आग कुठेच नाही. कोणीतरी पेजेचं झाकण उघडलं, त्याची वाफ दिसली, आणि दलाने अख्खं घर भिजवून टाकलं, असा तो प्रकार.

आणि एवढ्यावर संपत नाही. घंटा ऐकून काही तासांनी लांबच्या वाड्यांमधून दुसऱ्या पेशी मदतीला येतात. त्या जायचं नाव घेत नाहीत, उलट मोडतोड करतात. म्हणून डोंगरावरून खाली उतरून, आंघोळ करून जेवायला बसलो तरी माझं नाक बंदच असायचं. तुम्ही म्हणायचात, "आता कुठे झाड आहे? आता कसलं नाटक?" हे त्या नाटकाचं कारण.

गोळ्या घेतल्या तरी घंटा थांबत नाही. ती ऐकणाऱ्यांच्या कानांत बोळे बसतात, एवढंच.

पण खरी गंमत पुढे आहे. आता एक औषध निघालंय, देवदाराचंच! रोज थोडंसं जिभेखाली ठेवायचं. इतकं थोडं की शेडचं दार किलकिलंही होत नाही. असं तीनेक वर्षं केलं की दलाला हळूहळू कळतं, अरे, हा तर आपल्याच गावचा माणूस, याच्यासाठी घंटा कशाला? म्हणजे तुम्ही म्हणत होतात ती सवय खरीच आहे, फक्त झाडावर चढून होत नाही. बघा, जन्मभर देवदार विकला आणि आता पैसे देऊन देवदार खायचा!

गेन्ता


योशिनो
१४ फेब्रुवारी

गेन्ता,

वाचलं. सगळं, एक अक्षर न गाळता. बाबा उठले नाहीत. चॉपस्टिक हातात तशाच धरून बसले होते.

तुझा कागद त्यांनी दिव्याखाली धरला. "सहापैकी चार," म्हणाले. मग विचारलं, "त्या शेडला कुलूप नसतं का?"

मी म्हटलं, नसतं.

"दलात एकसुद्धा शहाणा माणूस नसतो, जो आधी जाऊन बघेल की आग आहे का?"

मी म्हटलं, "बाबा, मी खिडकीशी बसते, पावत्या फाडते. मला नका विचारू."

पण नंतर अंथरूण घालताना पुन्हा, "ते जिभेखालचं कशाचं करतात? लाकडाचं? सालीचं?" मी म्हटलं, परागांचं. "कुठल्या डोंगराच्या?" मी म्हटलं, कारखान्यात करतात, मला काय माहीत. तर नुसतं "हं".

म्हणजे गेन्ता, ते विचार करतायत. खोटं होतं असं पुन्हा म्हणाले नाहीत. आणि एक नवल सांगते. पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कळ्या लागलेल्या देवदाराच्या फांद्या आणून साकेच्या रिकाम्या बाटलीत, शेगडीजवळ ठेवल्यात. वरून कागदी पिशव्याही बांधल्यात, घरात सांडू नये म्हणून. आईच्या फोटोसमोर नाही, देवासमोर नाही, नुसत्याच. मला वाटतं तुझी आठवण येते त्यांना. मी काही बोलले नाही, हलक्या हाताने बाटलीत पाणी घालते.

बाकी नेहमीचं. त्यांची दरवर्षीची सर्दी सुरू झाली. न्हाणीघराची खिडकी नीट लागत नाही म्हणून होते म्हणतात. गळ्यात टॉवेल गुंडाळून डोंगरावर जातात. घरातला मध मात्र भराभर संपतोय, बहुतेक घशासाठी खात असावेत.

चिनात्सु


हातेरुमा बेट
२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी मोळीवर उभा राहून नाचलो. पडलो. ओदोमारीकाका म्हणाले, "लग्न ठरलं काय रे?" मी म्हटलं, त्याहून मोठं. "मग मूल झालं?" त्यांची बायको म्हणाली, "लग्नाआधी? डोंगरातली माणसं!" सगळी टोळी हसून लोळली.

फांद्या! आपले बाबा, बाटलीत फांद्या! आईने एकदा खिडकीत फुलं ठेवली होती तर म्हणाले होते, घराच्या चारी बाजूंना झाडंच झाडं असताना ही आत कशाला. त्यांना एवढं मवाळ व्हायला किती त्रास झाला असेल.

मध संपू दे. इथला काळा गूळ पाठवतोय, गरम पाण्यातून दे. आणि न्हाणीघराची ती खिडकी माझ्या लहानपणापासून लागत नाही, कोणाला तरी बोलावून बसवून घे ना. दर वसंतात बिचाऱ्यांना सर्दी.

पुढच्या महिन्यात गाळप संपेल. मग येतो. या खेपेला खरंच येतो.

गेन्ता


योशिनो
२७ फेब्रुवारी

गेन्ता,

ओदोमारीकाकांच्या घरी मी फोन केला तेव्हा तुला एवढंच म्हटलं की बाबा दवाखान्यात होते, आता बरे आहेत. तू ओरडत राहिलास, "काय झालं? काय झालं?" मी सांगितलं नाही. बोटी बंद होत्या. सांगितलं असतं तर तू पोहत निघाला असतास, मला तुझी खात्री नाही.

आता ऐक. बसून वाच.

त्या फांद्या तुझ्या आठवणीच्या नव्हत्या.

शेगडीच्या उबेला कळ्या उमलल्या आणि पराग कागदी पिशव्यांत झडले. बाबांनी ते डबीत भरले, मधात कालवले आणि रोज जिभेखाली ठेवायला लागले. स्वतःच्या डोंगरावर एवढा देवदार असताना कारखान्याचा कशाला विकत घ्यायचा, हा त्यांचा हिशोब. सुरुवातीला चिमूटभर घेतलं. ओठ खाजले, जीभ चरचरली. त्यांना वाटलं, लागू पडतंय. म्हणून शनिवारी सकाळी चमचाभर घेतलं. "थोडंसं" हा शब्द बाबांना कधी कळलाय?

मी पेज ढवळत होते. मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळले तर त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. ओठ, पापण्या, सगळं फुगलेलं, अंगावर लाल चट्टे, श्वासाला शिट्टी. मी विचारलं, "काय खाल्लं?" त्यांनी डबीकडे बोट दाखवलं आणि मला पिवळं दिसलं. मी दवाखान्यात नुसत्या पावत्या फाडते, पण त्या क्षणी मला कळलं. शेडं फक्त नाकात नसतात, गेन्ता. ती अंगभर असतात. आणि सगळी एकदम फुटली होती.

रुग्णवाहिका आली ती अग्निशमन दलाचीच. चालवणारा ओकुमुरा, ज्याला बाबांनी नळी धरायला शिकवलं. त्या अवस्थेतही बाबा त्याला हाताने खुणावत होते, वळणावर डावीकडून घे. मांडीत सुई टोचली तेव्हा हळूहळू शिट्टी थांबली. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले, आणि मग तुझ्यावर खूप राग आला. तू डॉक्टरसमोर घ्यायचं असतं हे का नाही लिहिलंस? मग स्वतःवर राग आला. फांद्यांना पाणी कोण घालत होतं?

त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. रक्त तपासलं. मिझोबे डॉक्टरीणबाई स्वतः भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला दर वसंतात सर्दी होते का?" बाबा म्हणाले, "खिडकीमुळे." बाई म्हणाल्या, "देवदारामुळे. सहापैकी सहा."

बाबांनी सुजलेल्या तोंडाने विचारलं, "आणि मुलाचे चार?"

"चार."

गेन्ता, मला ते सांगता येत नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी चेहऱ्यावर अशी ऐट होती, की मार्कांत पोरगं मागे पडलं!

चिनात्सु


योशिनो
३ मार्च

गेन्ता यास,

ओठ पूर्ववत आहेत. चिनात्सु सांगते त्यातलं निम्मं ती वाढवून सांगते. चमचा लहान होता.

सर्दी मला तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. डोंगरावर कोणाला कळू नये म्हणून पुढे पुढे चालायची सवय लावली. तू शिंकायला लागलास तेव्हा मला वाटलं, मी दडपतो तर तूही दडपू शकतोस. दडपत नाहीस म्हणजे मनात नाही.

काल डोंगरदेवाच्या मंडळाची बैठक होती. मी सांगितलं, आमच्या घरात दोघांना आहे, मुलाला चार आणि मला सहा, तो फांदीवर होता तेव्हाही खरंच बोलत होता. कोणी हसलं नाही. लाकडाचा व्यापारी हसला. मी विचारलं, तुझे किती? तर म्हणाला, पाच, पण बायकोला सांगू नका.

डॉक्टरीण म्हणते, असं घरी करणाऱ्याला तिने आजवर पाहिलं नव्हतं. जूनमध्ये, हवा साफ झाली की पुन्हा बोलावलंय. मला ते औषध द्यायचं की नाही ते तपासून ठरवेल, तुला मात्र नक्की देता येईल म्हणते. पहिला डोस तिच्यासमोर. तोपर्यंत गोळी घेतो. झोप येते. मांडीत टोचायची सुईही दिली आहे, ती कोटाच्या खिशात असते.

महिनाभर डोंगरावर जाऊ नका असं तिने सांगितलंय. घरात बसून आहे. खिडकीतून दिसतं, वारा आला की सगळी उतरण पिवळी होते. हे मीच लावलेलं.

तुझ्या बेटावर देवदार अजिबात नाहीत असं लिहिलं होतंस. मग ते लोक घरं कशाची बांधतात?

बाबा


हातेरुमा बेट
९ मार्च

बाबा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उसात होतो. पोस्टमन बांधावरून ओरडला, "डोंगरातून आलंय, तुझ्या ताईचं अक्षर नाही!" मी कोयता टाकून धावलो. तिथेच पाचटावर बसून वाचलं. मग ओदोमारीकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझा बाप चमचाभर विष खाऊन विचारतोय घरं कशाची. या माणसाला मला भेटायचंय."

तुम्हाला सहा आणि मला चार, हे मला मान्य आहे. पुढे चालून दडपण्यात तुम्ही माझ्यापेक्षा पटाईत. पण मला दडपता येत नव्हतं, बाबा, आणि तुम्हालाही येत नव्हतं, तुम्ही फक्त पुढे होतात. त्या बैठकीचं वाचलं आणि मला अजून काही नको. ताई म्हणेल, एवढ्यात विरघळला. विरघळलो.

चूक माझीही. नर्सने सांगितलं होतं की पहिल्यांदा डॉक्टरच्या देखत घ्यायचं, घेतल्यावर थांबायचं, मोजून घ्यायचं. मला ते रटाळ वाटलं म्हणून लिहिलं नाही.

घरांचं विचारलंत. इथे जुनी घरं प्रवाळाच्या दगडाच्या भिंतींआड बसलेली असतात. भिंतीला चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. वादळात वारा फटींतून जातो म्हणून भिंत पडत नाही. छपराला तांबडी कौलं. भोवती फुकुगी नावाची झाडं, पानं जाड आणि इतकी दाट की पाऊस आत येत नाही. आतले खांब मात्र बाहेरून आलेले आहेत. ओदोमारीकाकांच्या बैठकीतला मधला खांब मला देवदाराचा वाटतो, पण त्यांच्या आजोबांनी कुठून आणला ते त्यांना ठाऊक नाही. तुम्ही बघून सांगाल, मला रेषांवरून डोंगर ओळखता येत नाही.

म्हणून असं करा. मार्चभर डोंगरावर जायचं नाही, आणि खिडकीत बसून पिवळी उतरण बघत बसायचं, हे तुमच्याने होणार नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी टॉवेल गुंडाळून वर जाल. त्यापेक्षा इथे या. ओसाकाच्या विमानतळावरून इशिगाकीला थेट विमान आहे. पुढची बोट उडते, पोटात काही घालू नका. गाळप संपायला अजून दिवस आहेत. सगळ्यांची पाती बोथट झालीत, इथे कोणाला धार लावता येत नाही. काकांना मी सांगितलंय की तुम्ही येताय. तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही हे त्यांना सांगितलेलं नाही.

नाकाने श्वास घ्यायला या, बाबा. या दिवसांत तो कसा असतो, ते तुम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत नाही. सकाळी उसाचा वास येतो, दुपारी समुद्राचा, आणि कारखान्याकडून वारा फिरला की कढत्या गुळाचा. इतके वास वसंतात असतात, हे कोणाला तरी सांगायचं होतं.

जूनमध्ये आपण दोघं बरोबर परत जाऊ. मी पहिला डोस घेईन तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसून बघा, आणि मी चमचा मागितला तर हात धरा.

सोबतचे पैसे परत फिरवू नका. ताईला सांगितलंय की तिने परत पाठवले तर मी पुन्हा पाठवीन, आणि पोस्टाचा खर्च तिच्या माथी. विमान, बोट, आणि वाटेत इशिगाकीला सोबा शेवयांचा एक वाडगा धरून, या पाकिटात साठ हजार येन.

गेन्ता